कोमट बॉनेट

आमच्या मांजरीचं नाव सादझा. म्हणजे काजळी.
सायलेशियात काळ्या मांजरीला आणखी काय म्हणणार?
मी बाजारातून आलो की ओपेल नीट थांबायच्या आत
ही बॉनेटवर. पोट टेकून तासभर पसरते.
तिला कुणी शिकवलेलं नाही, पण ठाऊक आहे:
शंभर झ्लॉटींच्या पेट्रोलमधले वीस-पंचवीस
चाकांना मिळतात,
उरलेल्यातले बरेच तिला.

नोव्हेंबरात, थडग्यांवर दिवे लावायच्या दिवसांत,
बोग्ना नवी गाडी घेऊन आली.
फाटकाशी उभी राहिली तरी शेजारचं कुत्रं भुंकलं नाही.
सादझानं उडी मारली,
एक पंजा उचलला, मग दुसरा,
माझ्याकडे बघितलं, जणू बशीत पाणी ओतलंय मी,
आणि उतरून गेली.

"धूर नाही, बाबा," बोग्ना म्हणाली.
मी हनुवटीनंच खिडकीबाहेर दाखवलं:
गल्लीच्या टोकाशी, कोबीच्या शेतांपलीकडे, दोन चिमण्या.
"नळी आहे की. फक्त लांब आहे.
आडात कोळसा, तर पोहऱ्यात काय येणार?"
एकतीस वर्षं मी तिथं, बॉयलर नंबर चार.

ती चिडली नाही. कागद मागितला.
मी पाळीची जुनी नोंदवही काढली,
मागची पानं कोरी होती.

खोटं कशाला बोलू. शंभर पोती जाळली
की पस्तीस-छत्तीस तारेत जायची,
बाकीची कुलिंग टॉवरवरून आभाळात.
हा माणूस ढग करायला जातो, उर्सुला म्हणायची.
पण तारेतून जे येतं
त्यातलं बोग्नाची गाडी फारसं सांडत नाही,
शंभरातले ऐंशी तरी चाकांशी नेते,
आणि उतारावर थोडं परतही घेते.
उतारावरून मी आयुष्यात काही परत आणलेलं नाही.

बॅटरी मात्र उधारीवर येते.
कुठल्या खाणीत, कुठल्या भट्टीत
तिचा धूर आधीच होऊन गेलेला असतो;
नवीकोरी गाडी दारात येते ती माझ्या ओपेलहून काळी होऊन.
मग किलोमीटर मोजत फेडत बसायचं.
आमच्या कोळशावर फेडायचं तर अंमळ जास्तच.

रात्री अकरापर्यंत दोन रेघा काढल्या.
तिची वर सुरू झाली, माझ्या रेघेला भेटली,
पुढं खाली गेली.
फार नाही. पण खाली.
बेरीज मी तीनदा तपासली.
मुलगी जिंकत होती म्हणून नव्हे,
चार नंबरची बाजू घेणारं
आता दुसरं कुणी उरलं नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी उर्सुलाकडे निघालो. उणे चार.
पडद्यावरचे किलोमीटर झरझर उतरायला लागले
तसा बोग्नानं हीटर कमी केला.
कोट घालून बसलो, गुडघ्यांत दिवे धरून.
"ओपेलमध्ये ऊब फुकट असते," मी म्हणालो.
थोड्या वेळानं मीच म्हणालो,
"फुकट नसते. पैसे आधीच दिलेले असतात."
ती हसली, आणि काच पुसली.

तिसऱ्या पाळीची सवय, पहाटे तीनला जाग येतेच.
खिडकीतून पाहिलं तर
चिमणीचा धूर दक्षिणेकडे आडवा पडलेला.
म्हणजे वारा समुद्राकडून.
म्हणजे वरती बाल्टिकच्या काठाला पाती फिरत असणार
आणि या घटकेला तारेत
माझा कोळसा जरा कमी.
सपाता घालून बाहेर गेलो, केबल लावली.

तासाभरानं पुन्हा डोकावलो.
चार्जरचा डबा, विटेएवढा,
त्याच्यावर सादझा, जेमतेम मावेल इतकी गोळा होऊन.
म्हणजे इथूनही निसटतं थोडं.
बोग्नाला सांगायला हवं.

वहीत वेळ लिहिली, वाऱ्याची दिशा लिहिली,
आणि सवयीनं
खाली सही केली.