पाव शेर सुंठ

पुण्याच्या दफ्तरखान्यात रुमाल सोडला
की आधी धूळ बोलते, मग बखरकार:
'महाराजांस नाटकशाळेचा छंद लागोन देह क्षीण जाहला.'
हा जन्मला महाराज गेल्यावर एकोणीस वर्षांनी.
इनाम खाल्लं भाऊबंदांचं.

कोठीच्या जमाखर्चात एवढंच:
सुंठ पाव शेर, डाळिंबाची साल,
रात्री दिव्यास तेल जादा,
घोंगडी एक, वैद्याच्या पोरास.

म्हणजे पोर उशाशी जागलं असणार.
'असणार' हे माझं.
त्यानं काही लिहून ठेवलं नाही.

साडेपाचला वाघचौडे खिडक्या लावतो.
सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यात पोंक्षे विचारतात,
"नक्की कशानं हो गेले?"
"पोटानं असावं."
त्यांचा चेहरा पडतो.

बशीतला चहा निवतो.
आणि माझाच आवाज खाली येतो:
"तसं... एक ऐकीव आहे."