डावीकडे सात, उजवीकडे बारा

दार जरा उचलून ढकला, सेन्योर पेटिफर,
बिजागरी गंजलीय.
कोंबड्यांना बिचकू नका. पंखाखालीच अंडी घालतात त्या,
त्यांच्या आज्याही इथंच घालायच्या.

हेच ते.
नाक पिवळं होतं, उन्हानं चाटून खाल्लं.
डावीकडे सात लिहिलंय, उजवीकडे बारा.
सिनेमावाल्यांना विमानं कमी पडत होती,
म्हणून एकाच विमानानं
जाताना सात व्हायचं, येताना बारा.
आकडे माझ्या वडिलांनी काढलेत. एवारिस्तो.
एका हातात ब्रश, दुसऱ्यात तेल चोळलेला पाव.

त्या उन्हाळ्यात हे रोज मेलं.
अकराच्या सुमाराला शेपटीतून धूर सोडत
टेकडीमागं कोसळायचं
आणि दोनला जेवायच्या सुट्टीत हजर,
चाकांना माती.
मी नऊ वर्षांची, कुंपणावर बसून मोजायचे:
सोळा गेली, सोळा आली.
युद्ध म्हणजे असंच, मला वाटायचं,
संध्याकाळी सगळे परत येतात
आणि मेलेले वैमानिक बर्फ घालून
बडीशेपेची दारू पितात.

मग कंपनीचे पैसे संपले.
पाच महिन्यांच्या पगाराऐवजी हे धूड
ट्रॅक्टरला बांधून घरी आलं.
आई म्हणाली, शिजवायचं कसं ते पण विचारून यायचं होतंत.
आठवडाभर बोलली नाही.

तुम्ही कागद काढलेत. अस्सल किती, विचारताय.
आराखडा जर्मनांचा.
पत्रा इथं सेव्हिलमध्ये ठोकलेला,
आणि छातीत इंजिन तुमचं, इंग्रजी.
ज्याला पाडायचं त्याचंच काळीज उसनं घेऊन
हे त्याच्या अंगावर जायचं.
आता यातलं खोटं कुठलं
ते तुम्हीच लिहा तुमच्या रकान्यात.

हो, तो क्रूस वाकडा आहे.
दिग्दर्शकाचा माणूसही ओरडला होता, पट्टी लाव म्हणून.
वडिलांचा हात हलणारा नव्हता, सेन्योर.
गावातल्या दुकानांवरच्या पाट्या बघा,
अक्षरं ओळंब्यात.
मग इथंच का, हे मी विचारलं फार उशिरा,
त्यांना लसणाचं सूप भरवताना.

म्हणाले, सात वर्षांचा होतो.
गाढवाला पाण्यावर नेलं होतं.
ते नदीवरून आलं, इतकं खालून
की काचेतला माणूस दिसला.
काहीतरी चघळत होता.
पंखावर क्रूस नव्हता तेव्हा, फुली होती,
आपण चुकलेल्या गणितावर मारतो तशी.
गाढव उभ्या उभ्या फाटलं.

मी चमचा धरून बसले.
म्हणाले, गार झालं, राहू दे.

नंतर इथं येऊन मी कंदील धरून पाहिला तो क्रूस.
नीट बघा तुम्हीही, मान तिरकी करून.
कुठं झुकलाय दिसतं?

सान हुआनच्या रात्री वर्षातून एकदा
ते इंजिन सुरू करायचे.
गाव कानावर हात ठेवून शिव्या द्यायचं,
कोंबड्या चार दिवस अंडी द्यायच्या नाहीत.
ते मात्र खाली उभे, डोळे मिटून,
टोपी वाऱ्यानं कधीच उडून गेलेली.
आनंद होता की काय होतं, मला कळलं नाही.
माझ्या चेहऱ्यावर असलं कधी काही आलेलं नाही.

किंमत ठीक आहे. घासाघीस नको.
तुमच्याकडे जत्रेत उडवाल,
पोरं खांद्यावर बसून टाळ्या वाजवतील. वाजवू देत.
रंग खरवडाल, नवा द्याल,
सात की बारा, एक काहीतरी ठरवाल.
क्रूस सरळ करायचा असला तर करा,
विमान तुमचं.
पट्टी माझ्याकडे मागू नका, एवढंच.

थांबा, गाडी मागं घेऊ नका अजून.
उजव्या चाकाजवळ एक खुडूक बसलीय.
तिला उठवायला
मलाच वाकावं लागेल.