तीनदा मेलेला माणूस

शनिवारी साडेपाचला आमच्या खोऱ्यातली पोरं नाहीशी व्हायची.
चेंडू राहायचा चॅपेलच्या भिंतीशी, ओला,
आणि आम्ही सात जण प्रॉसरबाईंच्या बैठकीत,
गुडघ्याला गुडघा लावून,
कारण आमच्या घरच्या टीव्हीवर डोंगर आडवा यायचा,
नुसत्या मुंग्या.

शिंग वाजायचं. मग धुकं. मग तो,
ज्याची जहागीर चुलत्यानं गिळली,
जो रानात कोळसा जाळणाऱ्यांत वाढला,
एका उडीत तटावर.
त्याचा झगा हिरवा, इद्रिस म्हणायचा.
मी म्हणायचे निळा.
प्रॉसरबाईंचा टीव्ही काळा-पांढरा,
त्यामुळे हे भांडण कधी मिटलंच नाही.

त्याच साली खाण बंद पडली.
पाटीचा दगड कुणाला नको होता,
छपरं आता दुसऱ्याच कशाची तरी व्हायची.
तेवढ्यात लॉऱ्या आल्या आमच्याच रानात,
कॅमेरे, घोडे, पत्र्याची चिलखतं,
आणि त्यांना माणसं हवी होती दाढीवाली,
मरायला.
दिवसाला सहा पौंड, वर गरम सूप.
बापानं तीन आठवडे वस्तरा हातात धरला नाही.
आई म्हणाली, बरं आहे,
आळसाचे पैसे मिळतायत पहिल्यांदाच.

तीनदा मेला तो.
चौथ्या भागात चुलत्याचा शिपाई, पुलावरून पालथा.
सहाव्यात शेतकरी, ज्याचं खोपट
त्या शिपायांनीच पेटवलं होतं,
म्हणजे हिशेबानं स्वतःचंच घर त्यानं जाळलं.
आणि अकराव्यात मठातला संन्यासी,
बाण छातीत, आणि एक वाक्य, तेही अर्धं:
“दार—”
महिनाभर शाळेत मला सगळे ‘दार’ म्हणत होते.

तो स्वतः कधी बघायला आला नाही.
कोंबड्यांना दाणे टाकत परसात उभा राहायचा.
म्हणायचा, पुढे काय होतं
मला ठाऊक आहे.

चौथ्यांदा मेला तेव्हा शिंग वाजलं नाही.
छातीत बाण नव्हता, दगडाची भुकटी होती,
वीस वर्षं साठलेली.
त्या दिवसाचे पैसे कुणी दिले नाहीत.

आता मालिका धुऊन-पुसून पुन्हा आलीय.
इद्रिस कॅनडात, त्याच्याकडे सकाळ,
माझ्याकडे दिवे लागलेले.
फोन कानाशी, एक, दोन, तीन,
दोघांनी एकदम बटण दाबलं.

झगा तपकिरी निघाला.
उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखा.
पन्नास वर्षांचं भांडण, आणि दोघंही हरलो.
दार आपटलं की किल्ल्याची भिंत हलते.
बाराव्या शतकाच्या आभाळात विमानाची रेघ.
आणि तो चुलता, ज्याच्या नुसत्या हसण्यानं
इद्रिसनं अंथरूण ओलं केलं होतं,
तो तर पोरगा आहे तिशीतला,
सर्दी झालेला, ओठ फुटलेले.
त्याला स्वेटर द्यावासा वाटला मला.

अकरावा भाग.
संन्यासी पडला नेच्यांच्या गर्दीत.
कॅमेरा नायकाच्या डोळ्यांतल्या पाण्यावर,
आणि इद्रिस म्हणाला, “अगं, खाली बघ. डाव्या कोपऱ्यात.”

छाती हलत होती.
बाणासकट.
नाकाशी वाफ, पुसट, पुन्हा पुसट.
एवढी वर्षं मुंग्यांनी झाकून ठेवलं होतं हे.
किती वाईट नट होता आमचा बाप.
साधं मरता येत नव्हतं.

इद्रिसनं चित्र थांबवलं, नीट बघायला.
मला कळलं, कारण फोनमधलं रान गप्प झालं.
“थांबवू नको रे,” मी ओरडले,
केवढ्यानं ते नंतर लक्षात आलं.

तो काही बोलला नाही बराच वेळ.
मग म्हणाला, “थोडं मागे घेऊ?”

आधी माझ्या खोलीत,
मग अर्ध्या सेकंदानं, समुद्रापलीकडून,
त्याच आवाजात:
दार—
दार—