दोनशे बारावा

पहाटे पावणेचारला नाशिक रोड स्टेशनावर
मी आणि मार्दखय देठे, हातात पुठ्ठा:
"लुथरन युवा मेळावा, इकडे."
'इकडे'खालचा बाण मी काढलेला. वाकडा.
तो संडासाकडे बोट दाखवायचा
आणि चंद्रपूरची मुलं त्यामागे गेलीही.
थंडी अशी, की तोंडातून आधी वाफ निघायची,
मग नाव.

आम्ही स्वयंसेवक. एकोणीस ते सव्वीस.
मेळाव्यासाठी जरा मोठे, मंडळीच्या समितीसाठी जरा लहान,
म्हणून गळ्यात जांभळा पट्टा
आणि पट्ट्याला किल्ल्या:
कोठीघर, मुलींचा हॉल, पाण्याची मोटार.

बिल्ले पंचवटीत छापले.
पांढरा गुलाब, आत लाल हृदय, हृदयात काळा क्रूस,
तीनदा लिहून दिलं होतं.
छापखान्याच्या काकांनी गुलाब गुलाबी केला.
"पांढऱ्याला काय गुलाब म्हणतात होय, ताई?"
येमिमा हसली, मग रडली,
मग दोनशे बारा दोऱ्या ओवायला बसली.

आत पाळकसाहेब सांगत होते,
कृपा फुकट असते, कमवावी लागत नाही.
कर्णा फाटका. 'फुकट' तेवढं बाहेर ऐकू यायचं.
मी बाहेर गादीवाल्याशी भांडत होते,
गादीला रात्रीचे बावीस, उशी वेगळी.
"फुकट," कर्णा म्हणाला.
गादीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं.

तीन दिवसांत एकही प्रवचन पुरतं ऐकलं नाही मी.
सुरुवाती ऐकल्या. शेवटचे आमेन ऐकले.
मधे एकाचा दात ठणकला, एकीची पाळी आली,
मोटार जळली, आणि सुवार्ता उमापनं
प्लंबरला फोनवर अशी विनवणी केली
की तशी प्रार्थना तिला वेदीपुढे कधी जमली नव्हती.

टेबलावर एक बिल्ला उरला.
ओबेद मेश्राम, मूल, गट सात.
(मूल हे गाव आहे. मला वाटलं, कुणीतरी वय लिहिलंय.)

केटररकडे जयवंत होता, पेठकडचा,
माझ्या धाकट्या भावाएवढा, बटाट्यांच्या ढिगामागे.
समोर गट सात खोखो खेळत होता.
जयवंतची सुरी चालायची, थांबायची.
एक बटाटा त्यानं सालीसकट पातेल्यात टाकला.
कुणालातरी विचारायला हवं होतं मी,
केटररला, समितीला, निदान त्याला तरी.
बिल्ला त्याच्यापुढे धरला.
त्यानं हात पँटला पुसले
आणि सुरी माझ्याकडे दिली, मुठीकडून.
बटाटे मला सोलता येत नाहीत.

संध्याकाळी सचिवबाई वही घेऊन आल्या.
"किती?"
"दोनशे बारा."
"गैरहजर?"
मी बोटाला चिकटलेली साल झटकली.
"कुणी नाही."
त्यांनी बरोबरची खूण केली.
मार्दखय म्हणतो, ते खोटं होतं.
येमिमा म्हणते, माणसंच मोजायची होती ना?
ह्यावर आम्ही अजून भांडतो, विशेषतः चहा संपल्यावर.

रविवारी दुपारी पातेली टेम्पोत चढली.
उपड्या कढईवर जयवंत.
बिल्ला परत मागायला मी दोन पावलं गेले,
मग उगाच मोटारीची किल्ली शोधत राहिले.
ती गळ्यातच होती.
शरणपूर रोडच्या सिग्नलला टेम्पो वळला
तेव्हा गुलाबी काहीतरी हललं.

मंगळवारी ओबेदचा मेसेज:
"सॉरी ताई, पोलीस भरतीचं मैदान आलं, जमलं नाही.
माझं नाव खोडलं का?"

पट्टी बांधलेल्या बोटानं मी लिहिलं:
नाही रे. तू दोन्ही वेळा जेवलास.
पहिल्याच डावात बाद झालास.
गुलाब तुझ्याकडेच आहे.