मागाचं मागनं

पंधरा दिवसांची पोस्टिंग, तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडं.
आम्ही तिला सुट्टी म्हणायचो.
दारावरची पाटी कानडीत. आत एक फळी,
तिच्यावर कडी, कोयंडा, नळ, दिव्याचं बटण:
कुठल्याच दाराची, कुठल्याच पाण्याची नाहीत.
परातीत तूर आणि चवळी मिसळलेली.
डॉक्टर व्हायला आलो, कडधान्य निवडतोय,
असा मेसेज मी गौतमीला केला.

तल्लूर मॅडमनी केस दिली.
कल्लाप्पा मुचंडीकर, अठ्ठावन्न, वडगाव.
मनगट पॉवरलूमच्या पट्ट्यात. नस शिवून सहा महिने.
मी अंगठा तपासला, चिमूट तपासली,
पाचपैकी चार लिहून पेनाला टोपण लावलं.
"चार कशात?"
"ताकदीत, मॅडम."
"ताकद घेऊन ते कुठं जाणार?"

हे पाठ नव्हतं.
त्यांनी गरम पाण्यात प्लॅस्टिकची पट्टी मऊ केली,
माझ्या उजव्या हातावर बसवली, अंगठ्यासकट बांधली.
"उद्या सकाळपर्यंत. निधान, निधान."

पावाची पिशवी दातांनी फाडली.
रिक्षाचे सुट्टे पैसे खिशाच्या तोंडाशी सांडले.
मेसमधली मावशी ताटाकडं नाही, हाताकडं बघत राहिली.
आणि बाथरूममध्ये, आतून कडी लावून,
पॅन्टच्या एका बटणाशी सात मिनिटं
मी काय बोललो ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसलो.
"मामा, काय यायला पाहिजे हाताला?"
मला वाटलं, धागा म्हणतील.
तुटल्या ताण्याची गाठ, चाळीस वर्षं
न बघता मारलेली.
त्यांनी दाराकडं बघितलं.
सून बाहेर बाकावर, मांडीवर डबा.
"मागाचं मागनं बगू रे," आवाज खाली आणून म्हणाले,
"पयला नाडी. लेंग्याची.
तिला हाक मारायला लागतंय."

फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं: नाडी.

मग रोज समोरासमोर,
एक नाडी त्यांच्या कमरेला, एक माझ्या एप्रनवर.
त्यांची बसायची ती सुटायची नाही,
सुटायची ती बसलेलीच नसायची.
माझी बघून म्हणायचे,
"ही गाठ न्हवं डॉक्टर, ह्यो गुंता."
दोन दिवस आलेच नाहीत. मी परात निवडली.

तेराव्या दिवशी आले.
बाकावर नुसता डबा.
मी मॅडमना विचारलं, फायलीत काय लिहू?
त्या पाण्यात पट्टी उलटत होत्या.
म्हणाल्या, तारीख घाल.