आठ अक्षरांत

यंत्र पिवळं आहे, मुठीत मावतं,
आणि त्याला एका वेळी एकच नकाशा कळतो.
त्या नकाशाचं नाव कंपनीनं ठरवलेलं, बदलायचं नाही.
बाकीच्यांनी दुसरी नावं घेऊन
कार्डाच्या कोपऱ्यात पडून राहायचं
पाळी येईस्तोवर.

नाव आठ अक्षरांचं. रोमन. मधे जागा सोडायची नाही.
आता जिंतूर तालुक्यातली पिंपळगावं
आठ अक्षरांत कशी बसवायची?
टाइप करत गेलं की ‘पिंपळगा’पाशी आठ भरतात,
‘व’ वेशीबाहेर राहतो.
दुसरं पिंपळगावही ‘पिंपळगा’च होतं.
यंत्र विचारतं: आधीचं आहे, त्यावर बसवू?
नवीन होते तेव्हा, एकदा, हो म्हणाले.
एक अख्खं गाव गेलं, गायरानासकट,
दोन दिवसांनी तहसीलमधून फोन आला.

आमच्या दफ्तरखान्यात लाल कापडाचे रुमाल आहेत,
निजामाच्या अमलातले. वर उर्दू, आत मोडी.
वहाबचाचा निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
तरी बाजाराच्या दिवशी येऊन बसतात.
रुमाल सोडत नाहीत, नुसती गाठ चाचपतात
आणि म्हणतात, हे बुद्रुक. हे खुर्द.
बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं.
धाकट्यात आता दोन शाळा, पेट्रोल पंप,
थोरल्यात कुलपं.
नावाला कुणी कळवलेलं नाही.
मी चाचांना कार्ड दाखवलं, नखाएवढं.
त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं,
गाठ कुठंय, म्हणाले.

माझ्याआधी या टेबलावर लोमटे होते.
उदगीरला बदली झाली, कार्ड इथंच राहिलं.
त्यात त्यांच्या फायली:
नवा. नवा२. नवाखरा. शेवट. शेवट३.
शेवट२ कुठंच नाही.
आणि सगळ्यांच्या खाली एक:
एन, ए, के, ओ.
नको.

किशन धुळगुंडेला आम्ही अजून साखळीवाला म्हणतो,
साखळी गंजून गेली तरी.
खुर्दच्या शिवारात, धुऱ्यावर उभं राहून तो म्हणाला,
‘म्याडम, उघडा की. कामून नको म्हंतेत बगू तरी.’

मी नाव बदललं. नकोला कंपनीचं नाव दिलं,
चालू नकाशाला म्हटलं, तू जरा नीज.
यंत्र बंद केलं, चालू केलं.

सगळा तालुका दोन कासरे पूर्वेला सरकलेला.
जुन्या मोजणीची पृथ्वी वेगळी, उपग्रहाची वेगळी,
लोमट्यांनी एकीचे आकडे दुसरीला दिले होते.
गयाबाईची विहीर सडकेच्या मधोमध,
ज्वारीत मशीद, चावडी बोरींच्या काटवणात,
मुंजाजी खिल्लाऱ्यांचं रान अर्धं ओढ्यात.
आणि आम्ही दोघं? बाण म्हणत होता,
खिल्लाऱ्यांच्या भावकीच्या गोठ्यात.

किशन किती तरी वेळ बघत होता.
मग बसलाच तो, हसता हसता, ढेकळांत.
‘मिटली की वो धुऱ्याची भांडणं,’ म्हणाला,
‘कुणाचंच रान जाग्यावर न्हाई!’

संध्याकाळी ऑफिसात कार्ड संगणकाला लावलं.
चूक फाईल काढून टाकायची, असा नियम आहे,
आणि तो बरोबरच आहे;
उद्या कुणी याच नकाशावर खुणेचा दगड रोवला तर
कोर्टात तीन पिढ्या जातील.
बोट त्या बटणावर ठेवलं.
बाहेर शिपाई खिडक्या लावत होता.

मग मोजली. नको म्हणजे चारच अक्षरं.
चार शिल्लक होती.
पी, यू, एस, यू.

‘नकोपुसू.’
बरोबर आठ, जागा न सोडता.
या टेबलावर पुढं जे कुणी येईल
त्यानं कसंही वाचावं.