तुव्वालू

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
मी टॉवेलला लेबलं शिवतो.
लिस्बनच्या पेटीवर तोआल्या,
माद्रिदच्या पेटीवर तोआया.
इटलीची पेटी मात्र परत आली,
साडेचारशे नगांसकट.
तिकडे तोवाल्या म्हणजे
जेवणाच्या टेबलावर अंथरायचं कापड,
आणि आम्ही पाठवलेलं अंग पुसायचं.

मालक तापले.
यमुल मास्तर चष्मा पुसत म्हणाले,
एकाच आईच्या लेकी रे,
एक न्हाणीघरात पडली, एक पंगतीत.
आई जर्मन. फार जुनी.
तिच्या पोटात कापड नव्हतंच,
नुसतं धुणं.

धुणं!
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो.

रात्री घरी आलो तर
नरसम्मा विडीचं सूप बाजूला सारून
तंबाखूचे हात
खांद्यावरच्या तुव्वालूला पुसत होती.
म्हटलं, आत्ते, हा शब्द आपला नाही,
पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरलाय.
"हॅट," ती म्हणाली,
"तुझ्या मामाच्या मागावरून उतरलाय.
कांड्या मी भरल्यात."

तेवढ्यात नळाला फुसफुस झाली.
हंडे घेऊन दोघंही उठलो.